आधी दोरी, मग आग

गाडी सत्तरच्या दशकातली बुलेट. इंजिन नुकतंच उघडून बांधलेलं, टाकीवरच्या सोनेरी रेघा कारागिरानं हातानं ओढलेल्या, क्रोममध्ये तोंड दिसावं असं. पण रिकाम्या सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे निघते. टायर बदलले, हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट बदलला, पुढचे शॉकअप खोलून पाहिले, तरी ओढ काही जात नाही. मग एखाद्या जाणत्याला युक्ती सुचते. तो चाकं ओली करून गाडी कोरड्या फरशीवरून सरळ ढकलत नेतो. फरशीवर चाकांच्या दोन ओल्या रेघा उमटतात. पुढच्या चाकाच्या रेघेवर मागच्या चाकाची रेघ यायला हवी. इथे दोन्हींत बोटभर अंतर पडलेलं असतं.

‘चासी आउट आहे,’ असा निकाल लागतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. नवी चासी मिळेल का, जुनी सरळ होईल का, सरळ केलेली टिकेल का, वेल्डिंग केलं तर परत तुटणार नाही ना, हे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. यांतल्या बहुतेकांची उत्तरं आशादायक आहेत. साध्या पोलादाच्या नळ्यांची जुनी फ्रेम, म्हणजे चासी, दुरुस्त व्हायला पुष्कळदा तयार असते. माझ्या मते अपघातात बिघडलेल्या फ्रेमपेक्षा घाईच्या दुरुस्तीत बिघडलेल्या फ्रेमच जास्त वाईट असतात, कारण मोजमाप व्हायच्या आधीच कुणीतरी गॅस पेटवलेला असतो.

नळ्यांचं खरं काम

फ्रेम म्हणजे वजन पेलणारा सांगाडा, अशी आपली समजूत असते. पण वजन पेलणं हे तिचं सोपं काम. नवरा-बायको, टाकीवर बसवलेलं पोर आणि मागे बांधलेलं पोतं एवढं ओझं वाकडी फ्रेमसुद्धा बिनतक्रार वाहते. अवघड काम वेगळं आहे.

फ्रेममध्ये दोन आस असतात. पुढचा आस स्टिअरिंग हेडचा. हेड म्हणजे ती जाड, आखूड नळी, जिच्यातून हँडलचा दांडा जातो. मागचा आस चिमट्याचा. मागचं चाक धरणारा चिमटा ज्या खिळीवर वर-खाली हलतो, ती खीळ म्हणजे हा आस. पुढचा आस मागे कललेला असतो, मागचा पूर्ण आडवा. समोरून पाहिलं तर हे दोन्ही एकमेकांशी काटकोनात दिसले पाहिजेत. तसे असतील तरच दोन्ही चाकं एका ओळीत आणि सारखी उभी राहतात. फ्रेमच्या बाकीच्या नळ्या मुख्यतः हा काटकोन सांभाळायला असतात.

हा काटकोन किती नेमका हवा, याचा हिशेब करून पाहू. हेडपासून रस्ता पाऊण ते एक मीटर खाली असतो. हेडला फक्त एक अंशाचा पीळ बसला, तर एक मीटर खाली चाक साडेसतरा मिलीमीटर बाजूला सरकतं. हेडकडे नुसतं बघून एक अंश कुणालाही कळत नाही, अगदी चाळीस वर्षं गाड्या खोललेल्या मेकॅनिकलाही. फरशीवर मात्र तेच बोटभर अंतर होऊन दिसतं.

हेड मागे कललेलं का असतं, तेही इथेच समजून घेऊ. उभ्या रेषेपासून हा कल साधारण २५ ते ३० अंशांचा असतो. हेडच्या मधोमध जाणारी रेघ मनातल्या मनात खाली वाढवली, तर टायर रस्त्याला जिथे टेकतो त्या जागेच्या ती थोडी पुढे रस्त्याला भिडते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ‘ट्रेल’. बहुतेक गाड्यांत ते ८ ते ११ सेंटिमीटर असतं. ट्रेलमुळे टायर कायम त्या रेघेच्या मागून ओढला जातो आणि चाक जरा वळलं की आपोआप सरळ होऊ पाहतं. आपण एका हातानं गाडी चालवू शकतो ते याच्या जोरावर. समोरून धडक बसली की हेडचा कल कमी होतो, ट्रेल घटतो. अशी गाडी वळवायला आधी हलकी, मजेदार वाटते आणि वेग वाढला की हँडल थरथरायला लागतं.

बुलेटचं एक वेगळेपण

मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेली बुलेट ही मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची. मागच्या चाकाला चिमटा असलेलं तिचं रूप १९४९ मध्ये बाजारात आलं. तिकडचा मूळ कारखाना पुढे बंद पडला, आपल्याकडे ती घडण अनेक दशकं चालत राहिली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या बुलेटची फ्रेम पाहणं म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश अभियांत्रिकीचा नमुना पाहणंच आहे.

या फ्रेममध्ये हेडपासून एकच नळी इंजिनापुढून खाली उतरते आणि तिथेच संपते. इंजिनाखालून मागे जाणारी नळीच नाही. ती जागा इंजिन स्वतः भरून काढतं. पुढच्या नळीला आणि मागच्या प्लेटांना बोल्टांनी आवळलेलं इंजिन हा त्या फ्रेमचाच एक भाग होतो.

याचे दोन परिणाम होतात. इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट सैल राहिले, तर पुढची नळी एका टोकाला जवळजवळ मोकळी पडते. ती दर धक्क्याला हलते आणि महिनोन्‌महिने हलत राहिली की तिच्या खालच्या टोकाशी तडा जाऊ शकतो. दुसरा परिणाम दुरुस्तीच्या वेळचा. इंजिन काढून ठेवलेली फ्रेम अपुरी असते. तशीच सरळ केली की नंतर इंजिनाचे बोल्ट भोकांत शिरत नाहीत. मग कुणीतरी पहार घालून नळी ओढून भोकं जुळवतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून शहाणा कारागीर इंजिनाची रिकामी केस फ्रेममध्ये आवळतो आणि मगच काम सुरू करतो.

धडकेत काय वाकतं

पुढचं चाक खड्ड्यात आपटलं किंवा समोरच्या गाडीवर आदळलं की धक्का चाकाच्या अॅक्सलवर बसतो. तिथून हेडपर्यंत लांबच लांब फोर्क, म्हणजे शॉकअपच्या नळ्यांची जोडी, असतो आणि हेड मात्र वितीएवढं. लांब पहारीनं छोटा दगड उचकटावा तसा हा प्रकार. अॅक्सलवर बसलेला धक्का हेडच्या कोनसेटवर काही पटींनी वाढून पोचतो. पहिल्यांदा शॉकअपच्या नळ्या वाकतात, त्यांच्याबरोबर किंवा पाठोपाठ त्या नळ्या धरणारा खालचा टी. त्यांनाही तो जोर पेलला नाही, तर हेडची खालची बाजू मागे रेटली जाते आणि हेडच्या मागच्या नळ्यांवर पाळी येते.

या नळ्या हव्या तिथे वाकत नाहीत. जुन्या घडणीत नळ्यांची टोकं ‘लग’ नावाच्या जाड पोलादी खोबणीत बसवलेली असतात. लग ताठ, नळी पातळ. ताठपणा जिथे एकदम संपतो, म्हणजे लगच्या तोंडाशी, तिथेच बाक येतो. नळीच्या खालच्या अंगाला रंगावर बारीक सुरकुत्या किंवा आडव्या चिरा दिसल्या, तर आतली नळी दबली आहे असं खुशाल समजा. अंधाऱ्या गॅरेजमध्ये टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून तिरका धरला की या सुरकुत्या सावली टाकतात. हातानंही कळतं. नळीभोवती बोटं धरून हळूहळू खाली सरकवली की लगपासून दोन-तीन सेंटिमीटरवर एक उंचवटा आणि त्याच्या पाठीला एक खोलगट जागा बोटांना लागते.

बादलीची कडी

घरातल्या लोखंडी बादलीची कडी आठवा. थोडी वाकवून सोडली की पुन्हा जागेवर येते. जास्त वाकवली की तशीच राहते. मग ती सरळ करायला घेतली की मूळचा बाक तसाच राहतो आणि त्याच्या शेजारी नवा बाक येतो, कडी नागमोडी होते. फ्रेमच्या नळीचं नेमकं हेच होतं.

पोलादातले अणू रांगांमध्ये बसलेले असतात. थोडा ताण दिला की या रांगा ताणल्या जातात आणि ताण काढला की पूर्ववत होतात. साध्या पोलादाची ही सोसण्याची मर्यादा फार छोटी असते, मीटरभर लांबीला सुमारे सव्वा मिलीमीटर. त्यापलीकडे ताणलं की रांगा एकमेकींवरून घसरतात आणि नव्या जागी बसतात. नळी वाकडी राहते ती यामुळे. घसरणाऱ्या रांगा एकमेकींत अडकत जातात, त्यामुळे पुढची घसरण अवघड होते. म्हणजे जिथे नळी वाकली तिथलं पोलाद आता आधीपेक्षा कडक झालेलं असतं. सरळ करायला जोर लावला की तो कडक भाग जागचा हलत नाही, शेजारचा मऊ भाग वाकतो. कारागीर म्हणूनच जोर नेमक्या जागी लावण्यासाठी एवढी खटपट करतो, लाकडाचे ठोकळे लावतो, नळीच्या गोलाईचे साचे वापरतो.

शिवाय पोलाद जोर काढल्यावर थोडं परत येतं. दहा मिलीमीटर सरळ करायचं असेल, तर दहापेक्षा जास्त दाबावं लागतं, आणि किती जास्त ते त्या नळीवरच अवलंबून. थोडं दाबायचं, जॅक सोडायचा, मोजायचं, पुन्हा थोडं दाबायचं. एका दमात घणाचे घाव घालून फ्रेम सरळ करणाऱ्याकडे गाडी देऊ नये, हे यातूनच निघतं.

लांबवर पसरलेला हलका बाक थंडच सरळ होतो. बाक तीव्र असेल तर उष्णता लागते. इथे रंग ओळखावा लागतो. पोलाद २०० ते ३५० अंश सेल्सियसच्या दरम्यान असताना ते वाकवायचं नसतं, कारण त्या टप्प्यात साधं पोलाद उलट ठिसूळपणाकडे झुकतं. स्वच्छ पृष्ठभागावर त्या वेळी निळसर झाक दिसते. सावलीत नळी मंद लाल दिसायला लागली की ती सुमारे ६५० ते ७०० अंशांच्या आसपास असते आणि थोड्या जोरात ऐकते. त्यानंतर तिला आपोआप निवू द्यायचं. वर पाणी ओतण्याची जी घाई काही ठिकाणी दिसते, ती कारागिराचा वेळ वाचवते आणि पोलादाचं नुकसान करते. चुरगळून घडी पडलेली नळी मात्र गरम करूनही वाचत नाही. नळीचा ताठपणा तिच्या गोलाईत असतो. गोलाई गेली की तेवढा तुकडा कापून नवा घालणंच बरं.

दोरी, ओळंबा आणि जिग

फ्रेमवर आळ घेण्याआधी बाकीच्या संशयितांना मोकळं करावं लागतं. स्पोक चुकीचे ताणले असतील तर रिम बाजूला सरकते. चिमट्याचे बुश झिजले असतील तर मागचं चाक तिरकं होतं. चेन ताणताना एका बाजूचा अॅडजस्टर जास्त फिरवला, तरी तेच होतं. शॉकअपची एक नळी वाकली असेल, तर सगळी लक्षणं फ्रेम वाकल्यासारखीच दिसतात. हे सगळं तपासल्यावर मग दोरी.

गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करायची. मागच्या टायरला मागून वेढा घालून दोरीची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे आणायची, ताणायची आणि मागच्या टायरच्या पुढच्या-मागच्या कडांना नुसती टेकू द्यायची. जुन्या साडेतीनशे बुलेटला पुढे-मागे एकाच मापाचे टायर असतात, सव्वातीन इंच बाय एकोणीस. म्हणून दोरी पुढच्या टायरलाही दोन्ही बाजूंना, दोन्ही कडांना सारखी लागली पाहिजे. पुढचा टायर अरुंद असलेल्या गाडीत दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला दोरी टायरवर चढलेली, म्हणजे चाकं एका ओळीत नाहीत. मग ओळंबा घ्यायचा, गवंड्याचाच. मागचं चाक ओळंब्याशी समांतर करायचं आणि तोच ओळंबा पुढच्या चाकाशी धरायचा. मागचं उभं आणि पुढचं कललेलं दिसलं, तर हेडला पीळ आहे.

एवढ्यानं रोग कळतो. इलाजाला जिग लागतं. जिग म्हणजे जाड पोलादी चौकट किंवा टेबल. त्यावर फ्रेम चिमट्याच्या खिळीनं पक्की बसवतात, कारण तीच मोजमापाची सुरुवात. हेडमध्ये कोनसेटच्या वाट्यांवर बरोबर बसेल असा लेथवर वळवलेला लांब दांडा घालतात. दांडा जितका लांब, तितकी हेडची चूक मोठी होऊन दिसते. दांड्याच्या टोकाचं खिळीपासूनचं अंतर, उतार, डावं-उजवं असं सगळं मोजून कागदावर लिहायचं. ताडून पाहायला त्याच मॉडेलची एखादी चांगली फ्रेम हाताशी असली की काम सोपं. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागात, जिथे लेथ, ओतकाम आणि वेल्डिंग एका गल्लीत सापडतं, तिथे असं जिग बनवून घेणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते आकडे लिहून ठेवण्याची सवय लावणं.

रॉकेल आणि खडू

वाकणं मोजमापात सापडतं, तडा लपून राहतो. आणि दोघांत घातक तडाच.

एकाच मोठ्या धक्क्यानं जे मोडत नाही, ते लाखो छोट्या धक्क्यांनी मोडतं, हे माणसाला रेल्वेनं शिकवलं. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा अॅक्सल तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. पुढे प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या आउगुस्ट व्होलर यानं अॅक्सलवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की मोडण्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी ताणसुद्धा पुन्हा पुन्हा दिला, तर पोलाद शेवटी तुटतं. याला धातूचा थकवा म्हणतात. थकव्याचा तडा सहसा एखाद्या अणकुचीदार जागी सुरू होतो. वेल्डिंगची कड, कुणीतरी हॉर्न लावायला पाडलेलं भोक, गंजाचा खड्डा किंवा कानशीचा खोल ओरखडा, काहीही पुरतं.

तडा शोधायची जुनी पद्धत एके काळी आपल्या स्वयंपाकघरात आणि शाळेत सापडणाऱ्या वस्तूंची आहे. संशयाच्या जागेचा रंग पूर्ण काढायचा, पण तारेच्या ब्रशनं किंवा ग्राइंडरनं जोरात घासायचं नाही, कारण त्यानं धातू पसरून तड्याचं तोंड बुजतं. मग रॉकेल लावून मुरू द्यायचं. केसापेक्षा बारीक फटीतही ते शिरतं. वरचं रॉकेल कोरड्या फडक्यानं नीट पुसायचं आणि खडूची पूड किंवा स्पिरिटमध्ये कालवलेला खडू पातळ लावायचा. तडा असेल तर आत राहिलेलं रॉकेल खडू शोषून घेतो आणि पांढऱ्यावर एक ओलसर, काळपट, बारीक नागमोडी रेघ हळूहळू उमटते. साध्या ओरखड्यात रॉकेल साठत नाही, त्यामुळे त्याची अशी रेघ सहसा येत नाही. आता बाजारात लाल रंगाचा आणि पांढऱ्या डेव्हलपरचा फवारा मिळतो. तत्त्व तेच, फक्त रेघ लालभडक दिसते. जमत असेल तर फवाराच घ्यावा, तो जास्त बारीक तडे दाखवतो.

तडा सापडला की त्याच्यावरून वेल्डिंगची सळई फिरवणं म्हणजे त्याला झाकणं. आधी तड्याची दोन्ही टोकं शोधून तिथे साधारण तीन मिलीमीटरचं भोक पाडतात. तड्याच्या टोकाशी सगळा ताण एका बिंदूवर एकवटलेला असतो, गोल भोकानं तो पसरतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेत तडा पुढे पळत नाही. मग तड्याच्या रेघेवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराची खाच पाडतात, म्हणजे भरलेला धातू तळापर्यंत पोचतो.

पितळेच्या जोडावर वेल्डिंग नको

जुन्या ब्रिटिश घडणीच्या फ्रेममध्ये लग आणि नळी बहुधा पितळेनं जोडलेली असतात. याला ब्रेझिंग म्हणतात. नळी आणि लग यांच्यामध्ये मिलीमीटरचा दहावा भाग असेल-नसेल एवढी फट ठेवतात. आत टाकणखार घालतात, सोनार वापरतो तोच. तो वितळून काचेसारखा पसरतो, पोलादावरचा ऑक्साइडचा थर विरघळवतो आणि हवा लागू देत नाही. मग सुमारे ९०० अंशांना पितळ वितळतं आणि त्या फटीत आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच नियमानं. पोलाद वितळायला १४५० ते १५०० अंश लागतात, त्यामुळे नळी जशीच्या तशी राहते. जोड मजबूत होतो तो सबंध खोबणीभर पसरलेल्या पितळेच्या पातळ थरामुळे.

आता अशा जोडावर कुणी आर्क वेल्डिंग केलं तर काय होतं? पितळेत तांबं आणि जस्त असतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि आर्कची उष्णता त्याच्या कितीतरी पट असते. जस्ताची वाफ वितळलेल्या धातूत बुडबुडे करते आणि जोड आतून जाळीदार राहतो. त्याहून वाईट म्हणजे वितळलेलं तांबं लालबुंद पोलादाच्या कणाकणांच्या सीमांमधून आत शिरतं आणि तिथेच चिरा पाडतं. वरून वेल्डिंग जाडजूड, देखणं दिसतं. जस्ताचा तो पांढरा धूर कारागिरालाही बाधतो. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

म्हणून लगच्या तोंडाशी रंग खरवडून सोनेरी रेघ दिसते का ते बघणं हे कुठल्याही वेल्डिंगच्या आधीचं काम. रेघ दिसली तर दुरुस्तीही पितळेनंच करायची. नळी तापवून सरळ करतानाही हेड नारिंगी होऊ द्यायचं नाही, नाहीतर शेजारच्या शाबूत जोडातलं पितळ सुटतं.

नळीचं पोलादही सगळीकडे एकसारखं नसतं. १९५० मध्ये नॉर्टन कंपनीनं शर्यतीच्या गाड्यांना बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेसनं आखलेली दुहेरी वेढ्याची फ्रेम दिली. हॅरॉल्ड डॅनियल या स्पर्धकानं तिच्यावर बसणं म्हणजे पिसांच्या गादीवर बसणं, असं म्हटलं आणि ‘फेदरबेड’ हे नाव पडलं. त्याच वर्षी जेफ ड्यूकनं तिच्यावर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी ही शर्यत जिंकली. शर्यतीच्या या फ्रेमसाठी मँगनीज-मॉलिब्डेनम मिसळलेली ‘रेनॉल्ड्स ५३१’ ही नळी वापरत. ती पातळ असूनही बळकट, पण थेट वितळवून जोडणं तिला मानवत नाही. अशा नळीवर साधा लोखंडी गेट जोडल्यासारखं वेल्डिंग केलं, तर जोड टिकतो आणि जोडाशेजारची नळी तुटते.

तुकडा घालणं आणि पट्टी मारणं

नळीचा तुकडा बदलायचा तर तो सरळ आडवा कापून टोकाला टोक जोडत नाहीत. तिरका काप घेतात, म्हणजे जोडाची लांबी वाढते आणि ताण एका वर्तुळावर न येता पसरतो. आत घट्ट बसेल असा नळीचाच एक आधार सरकवतात, बाहेरच्या नळीला भोकं पाडून तो त्या भोकांतूनही वेल्ड करतात. साधारण दोन मिलीमीटर जाडीच्या नळीला आर्गॉन वेल्डिंग बरं, कारण उष्णता हातात राहते. धातू निवताना आकसतो आणि नळीला जोडाच्या बाजूला ओढतो. त्यामुळे फ्रेम जिगवर आवळलेली असतानाच, समोरासमोर थोडे थोडे टाके घेत, मध्ये निवू देत काम करायचं. सरळ केलेली फ्रेम जिगवरून काढून मग वेल्ड केली, तर ती वेल्डिंगनंच पुन्हा वाकडी होते.

आता आपल्याकडच्या लाडक्या उपायाबद्दल. ‘वर एक पट्टी मारून दे, आयुष्यभर बघायला नको.’ पट्टी मारली की तेवढी जागा दगडासारखी ताठ होते आणि बाकीची नळी पूर्वीसारखीच लवचीक राहते. लगच्या तोंडाशी जो प्रकार होतो, तोच आता पट्टीच्या कडेशी होतो. नळीवर आडवं वेल्डिंग संपतं तिथे नवा तडा सुरू होतो. एक पट्टी, तिच्याशेजारी तडा, त्यावर दुसरी पट्टी अशी मालिका मिरवणाऱ्या फ्रेम आपल्या रस्त्यांवर पुष्कळ आहेत. आधार द्यायचाच असेल, तर त्याची टोकं निमुळती हवीत आणि आडवं वेल्डिंग टाळायला हवं.

गंजाचं थोडक्यात. नळ्या आतूनही गंजतात. भोकांतून पाणी शिरतं आणि सगळ्यात खालच्या वळणात साठतं. छोट्या हातोडीनं टकटक केल्यावर खणखणीत आवाज येत असताना मध्येच बद्द आवाज आला, तर तिथली नळी पातळ झाली असण्याची शक्यता असते. तिथे जाडी मोजल्याशिवाय वेल्डिंग करू नये.

> जुनी गाडी घेताना
> हेडच्या मागे नळ्यांच्या पोटाशी सुरकुत्या आहेत का, हात फिरवून बघा. तिथेच रंग बाकीच्या फ्रेमपेक्षा जाड किंवा नवा असेल, तर चुंबक लावा. खड्डे बुजवायला भरलेल्या लांबीखाली (पुट्टीखाली) चुंबकाची पकड सैल पडते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टाकीपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे का, ते पाहा. पुढचं चाक आणि पुढची नळी यांच्यातली जागा दुसऱ्या तशाच गाडीशी ताडून बघा. चाकं ओली करून गाडी फरशीवर ढकला. पावडर कोटिंग केलेल्या, चकाचक फ्रेमवर जास्त संशय घ्या. तो जाड थर तडे छान झाकतो.

नंबर जपा

फ्रेमवर चासी नंबर कोरलेला असतो, जुन्या गाड्यांत बऱ्याचदा स्टिअरिंग हेडजवळच. कायद्याच्या नजरेत गाडीची ओळख तो नंबर. इंजिन, टाकी, चाकं बदलूनही गाडी तीच राहते, चासी बदलली की प्रश्न उभा राहतो. आरटीओला विचारल्याशिवाय दुसरी चासी बसवता येत नाही, आणि जुन्या चासीवरचा नंबर कापून नवीवर जोडणं हा सरळ सरळ गुन्हा आहे. म्हणून वाकलेली जुनी फ्रेम भंगारात टाकण्याआधी तिची दुरुस्ती होते का, हे पाहण्यात अर्थ असतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम काढले. त्या गाड्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. फेरनोंदणीला पाच हजार. गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासीत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी त्यात अट आहे, आणि रोजच्या वापराला त्या नोंदणीत परवानगी नाही. मूळ वळणानुसार सरळ केलेली फ्रेम आणि चार पट्ट्या मारून भलतीच झालेली फ्रेम यांतला फरक इथेही नडू शकतो.

सँडब्लास्टिंगला फ्रेम देताना नंबरावर जाड टेप लावायला सांगा, नाहीतर वाळूचा मारा अक्षरं पुसट करतो. देण्याआधी नंबराचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. आणि कारागिराकडे दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या: दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका कागदावर हवेत, आणि रंग लागण्याआधी उघडी फ्रेम तुम्हाला बघायला मिळाली पाहिजे. जो दाखवायला कुरकुर करतो, त्याच्याकडून गाडी परत उचला. रंग लागल्यावर कुठल्याही फ्रेमचं खरंखोटं सांगणं फार अवघड असतं.